तुलनेसाठी घेतलेले रक्त

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

कारखान्यात चीफ केमिस्ट असताना मी उसाच्या रसाच्या नोंदी रोज ठेवीत असे. स्वतःच्या दिवसाची नोंद ठेवण्याची आवश्यकता कधी भासली नाही, कारण सायंकाळी घरी आल्यावर माझी पत्नी बनाबाई "काय झालं आज?" असे विचारीत असे व मी सांगत असे. एप्रिलपासून विचारणारे कोणी नाही. तेव्हा आजपासून लिहावे असे ठरविले आहे.

दुपारी पुण्याहून डॉ. ज्योत्स्ना साबळे यांचा फोन आला. बनाबाईच्या आजारपणात ज्या संशोधन संस्थेने तिचे रक्त घेतले होते, तेथील या तरुण डॉक्टर. येत्या रविवारी त्यांचे बारामतीत शिबिर आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे रक्त त्यांच्यापाशी आहेच. आता तुलनेसाठी दोन प्रकारची माणसे हवी आहेत. एक, रुग्णाचे रक्ताचे नातेवाईक. दुसरी, ज्यांचे रुग्णाशी रक्ताचे नाते नाही, परंतु ज्यांनी त्याच घरात राहून तेच अन्नपाणी घेतले आहे अशी निरोगी माणसे.

"म्हणजे सर, तुमच्यासारखी," असे त्या म्हणाल्या.

इतकी वर्षे एका छपराखाली राहिल्याचा शास्त्राला असा काही उपयोग असेल, हे ठाऊक नव्हते. होकार दिला. आम्हांस अपत्य नाही. रक्ताच्या नातेवाईक म्हणून बनाबाईची धाकटी बहीण म्हाळसाबाई यांना घेऊन येण्याचेही मी मान्य केले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

संस्थेचे माहितीपत्रक वाचले. भाषांतर ढिसाळ आहे, म्हणून आशय माझ्या शब्दांत मांडतो.

शरीरातील पेशी आपल्या अंगातून अतिसूक्ष्म पुटिका बाहेर सोडीत असतात. पुटिका म्हणजे स्निग्ध आवरणाची पिशवी. केसाच्या जाडीत हजारभर ओळीने बसतील एवढी लहान. ज्या पेशीतून ती निघाली त्या पेशीची काही प्रथिने व जनुकीय संदेशांचे तुकडे तिच्यात असतात. रोगट पेशीही अशा पुटिका सोडतात आणि त्या रक्तातून फिरत राहतात. गाठ पुरेशी मोठी होऊन त्रास देऊ लागण्यापूर्वीच या पुटिका रक्तात सापडाव्यात, अशी संस्थेची अपेक्षा आहे. त्या वेगळ्या काढून त्यांवरील खुणा वाचणे, हे काम.

मला यात अपरिचित असे काही आढळले नाही. आख्खी उसाची ट्रॉली आम्ही बाटलीभर रसावरून पारखीत असू. गेटवर शेतकरी उसाविषयी काय सांगतो याला महत्त्व नसे. रक्त वेगाने फिरवून त्यातील जड आणि हलके वेगळे करण्याचे त्यांचे यंत्र हे आमच्याकडील साखर व मळी वेगळी करणाऱ्या यंत्राचेच भावंड आहे. फक्त फार अधिक चपळ.

नमुना हलला, त्यास उशीर झाला, वा रुग्ण उपाशीपोटी नसला, तर निष्कर्ष बिघडतो, असे पत्रकात म्हटले आहे. हे वाचून समाधान वाटले. सर्व काही नमुना घेणाऱ्यावर अवलंबून असते, हे मी आयुष्यभर सांगत आलो आहे.

सर्व नमुने उणे ऐंशी अंशांवर जतन केले जातात, असे शेवटच्या पानावर आहे. म्हणजे बनाबाईचाही. हे पूर्वी लक्षात आले नव्हते. डॉ. साबळे यांना फोन करून विचारले की, नमुने किती काळ ठेवले जातात.

"दहा वर्षं तरी, सर. का?"

माहितीसाठी, असे सांगितले.

१६ नोव्हेंबर, रविवार

शिबिर पार पडले. म्हाळसाबाई व माझे साडू गेणू हे नरसिंहपूरहून पहाटे निघून पेरू वाहण्याच्या पिकअपमधून आले. ऊसगाड्यांच्या रांगेत अडकूनही वेळेवर पोहोचले. गेणू गाडीतच बसून राहिले. ते कमी बोलतात.

"दाजी, किती वाळलाय वं तुमी!" असे म्हाळसाबाई आल्याआल्या मोठ्याने म्हणाल्या. सर्वांनी पाहिले. मी त्यांस हळू बोलण्याची सूचना केली.

फॉर्ममध्ये "रुग्णाशी रक्ताचे नाते" असा रकाना होता. "नाही" असे लिहिले. नंतर बोटास टोचून साखर पाहण्यात आली. ती उपाशीपोटी एकशे नव्वद भरली. परिचारिकेने डॉक्टरांना दाखविण्यास सांगितले. साखरेशी माझा संबंध बत्तीस वर्षांचा आहे. पट्टी जुनी असणार हे मी तिला समजावून दिले.

रक्त घेताना म्हाळसाबाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. मी डोळे मिटून घेतले. भीतीमुळे नव्हे. याच संस्थेने बनाबाईचे रक्त घेतले तेव्हा मी पाहिले होते, पुन्हा पाहण्यासारखे त्यात काही नाही. डोळे उघडले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. त्या बाहेर टपरीवर चहा घेत होत्या. माझ्याप्रमाणेच त्यांनी कोपर दुमडून धरले होते, मात्र कापूस नव्हता. "माजं रक्त लगीच थांबतंय," असे त्या म्हणाल्या.

एक गंभीर त्रुटी नोंदविणे आवश्यक आहे. परिचारिका आधी नळी भरते आणि मग तिच्यावर चिठ्ठी लावते. आमच्या प्रयोगशाळेत एका हंगामात या पद्धतीमुळे दोन शेतकऱ्यांच्या उसाचे नमुने बदलले गेले होते. तेव्हापासून मी नियम केला: आधी चिठ्ठी, मग रस. परिचारिकेस हे सांगितले. ती "बरं काका" म्हणाली आणि पूर्ववत करीत राहिली.

३० नोव्हेंबर, रविवार

विशेष काही नाही. पँट कमी करण्यास शिंप्याकडे गेलो. त्याने ती हातात धरून "साहेब, तुमचीच ना ही?" असे विचारले. खानावळीच्या डब्याचा हा परिणाम आहे. डब्यातील आमटी बेचव असते. अलीकडे चहाही बेचव लागतो, म्हणजे दूधवाल्यानेही दर्जा सोडला.

पाठ दुखते. कारण उघड आहे. उन्हाळ्यापासून मी पलंगाच्या डाव्या अंगास झोपतो. ती बाजू बनाबाईची. गादी तेथे तिच्या अंगाप्रमाणे दबली असून माझ्या पाठीस ती अनुकूल नाही. उजव्या अंगास झोपल्यास हा त्रास राहणार नाही.

तरी डाव्याच अंगास झोपतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

डॉ. साबळे यांचा फोन. त्या जपून बोलत होत्या.

"सर, शिबिरातल्या तुमच्या नमुन्याबद्दल बोलायचं होतं. काही खुणा वाढलेल्या दिसल्या. आम्ही पुन्हा तपासलं, तेच आलं. तुमची साखरही त्या दिवशी जास्त होती."

"मी तुलनेच्या निरोगी गटात आहे," असे मी निदर्शनास आणून दिले.

"हो सर. म्हणूनच फोन केला. हे निदान नाही. ही चाचणी अजून संशोधनातच आहे, चुकूही शकते. पण पोटाचा स्कॅन लवकर करून घ्या. मी बारामतीत व्यवस्था करते."

मी आभार मानले व विचार करण्यास अवधी घेतला. वास्तविक अवधीची गरज नव्हती. खुणा रुग्णासारख्या आहेत. माझे रुग्णाशी रक्ताचे नाते नाही. ज्यांचे आहे त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. चिठ्ठ्या नंतर लावल्या गेल्या. नळ्या बदललेल्या आहेत.

म्हणजे ते रक्त म्हाळसाबाईंचे आहे.

सायंकाळी डॉ. साबळे यांना पुन्हा फोन करून म्हाळसाबाईंचा निष्कर्ष काय आला, असे विचारले. "सर, दुसऱ्या व्यक्तीबद्दल मी काहीच सांगू शकत नाही," असे उत्तर मिळाले. गोपनीयता योग्यच आहे. परंतु त्या क्षणभर थांबल्या होत्या, त्यावरून मला जे समजायचे ते समजले.

डबा उघडला नाही.

२१ डिसेंबर, रविवार

एसटीने इंदापूर. तेथून गेणूंनी मोटारसायकलवर नरसिंहपूरला नेले. वाटेत संगमाच्या घाटावरून जाण्यास मी सांगितले, कारण तो रस्ता जवळचा आहे. बनाबाईच्या अस्थी तेथे सोडल्या होत्या. त्यानंतर या बाजूस आलो नव्हतो. घाटावर गाडी थांबवून पाणी पाहिले. भीमेचे पाणी आणि नीरेचे पाणी यांचा रंग काही अंतरापर्यंत वेगळा दिसतो असे म्हणतात. मला दिसला नाही.

नळीवर माझे नाव होते ही गोष्ट म्हाळसाबाईंना न सांगण्याचे मी आधीच ठरविले होते. अदलाबदलीचा तपशील सांगितल्यास त्यांचा चाचणीवरचाच विश्वास उडेल. म्हणून जेवणापूर्वी एवढेच म्हणालो, "म्हाळसाबाई, शिबिरात घेतलेल्या तुमच्या रक्तात काही शंकास्पद आढळले आहे."

त्या भाकरी थापताना थांबल्या. "माज्या रक्तात?"

"होय."

त्यांनी गेणूंकडे पाहिले. गेणूंनी ताटाकडे पाहिले.

"डाक्टरनं सांगितलं?"

"मला कळविण्यात आले आहे."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. पदराने डोळे पुसले. चुलीचा धूर होता. मग म्हणाल्या, "बरं. मग काय करायचं म्हंता?"

"पोटाचा स्कॅन. विलंब न करता."

"करू की. आदी जेवा. पुढल्या रविवारी या, मग ठरवू."

एवढी गंभीर वार्ता इतक्या शांतपणे घेणारी व्यक्ती मी पाहिली नाही. बनाबाईही अशीच होती. उजनीच्या चिलापी माशाचे कालवण होते. अर्धे खाल्ले. त्यांनी उरलेले डब्यात बांधून दिले.

२८ डिसेंबर, रविवार

पुन्हा गेलो. "या रविवारी न्हाय जमत, पेरूची तोड हाय. पुढल्या रविवारी या," असे म्हाळसाबाई म्हणाल्या. भीती हे अशा टाळाटाळीचे कारण असते. त्यांच्यावर दडपण आणू नये म्हणून दिवसभर थांबलो. पेरूच्या बागेत खाट टाकून दिली होती. झोप लागली.

४ जानेवारी २०२६, रविवार

गेलो. स्कॅनविषयी बोलणे झाले नाही. म्हाळसाबाईंनी बनाबाईच्या लहानपणीची हकिकत सांगितली. नदीला पाणी आले असताना ती शाळेच्या दप्तरासह होडीतून पडली व दप्तर न सोडता बाहेर आली. एवढ्या वर्षांत तिने मला हे सांगितले नव्हते. मी विचारले नसावे.

घाटाचा रस्ता जवळचा नाही, लांबचा आहे, असे गेणूंनी परत येताना सांगितले. तरी ते तिकडूनच नेतात.

८ जानेवारी, गुरुवार

डॉ. साबळे यांचा तिसरा फोन. "सर, आलात का स्कॅनला?"

आवश्यक ती कार्यवाही सुरू आहे, असे सांगितले. यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते. हीच चिकाटी चिठ्ठ्यांच्या बाबतीत दाखविली असती तर हा प्रसंग आला नसता. तसे सौम्य शब्दांत त्यांना म्हटले. "सर, चिठ्ठ्यांचं मी बघते. तुम्ही तेवढं या," असे त्या म्हणाल्या.

पट्ट्यास नवीन भोक पाडून घेतले. तहान फार लागते. थंडीत असे होत नसते, परंतु हवामान बदलले आहे.

११ जानेवारी, रविवार

आज मी कठोर झालो. जेवणाच्या ताटावरून उठून म्हणालो, "म्हाळसाबाई, तुमच्या बहिणीचे निदान झाले तेव्हा उपाय उरला नव्हता. ती कोणाला काही बोलली नाही, आणि डॉक्टरांनाही दिसले नाही. तुमच्या बाबतीत मला ते पुन्हा पाहावयाचे नाही. मला ते शक्य नाही."

शेवटच्या वाक्यात माझा आवाज चढला असावा. त्या रडू लागल्या. "येते वं दाजी. येते. कवा म्हंता तवा येते. तुमी बसा, जेवा."

वीस तारीख ठरली. गेणू मला सोडावयास आले तेव्हा एसटीच्या पायरीशी उभे राहून म्हणाले, "तुमचं समादान व्हऊ द्या." एवढे मोठे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले. स्वतःच्या पत्नीच्या प्रकृतीबाबत ते काहीसे बेफिकीर आहेत, हे खेदाने नमूद करतो.

२० जानेवारी, मंगळवार

बारामतीत म्हाळसाबाईंचा स्कॅन झाला. त्या आत असताना मी बाहेर बाकावर होतो. याच बाकावर मागील वर्षी बसलो होतो. बाकाचे रेक्झीन तेव्हाही फाटलेले होते.

सायंकाळी अहवाल आला. सर्व काही निर्दोष आहे. मला अतिशय आनंद झाला. त्यांना तसे म्हटले.

"मग झालं का समादान?" असे म्हणून त्यांनी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून दिला. मात्र खावा अशी इच्छा झाली नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

डॉ. साबळे यांना कळविले की, नमुना ज्यांचा होता त्यांचा स्कॅन झाला असून तो निर्दोष आहे. तेव्हा चाचणीतच दोष असावा.

त्यांनी विचारले, "सर... तुम्ही कोणाचा स्कॅन केलात?"

मी सविस्तर सांगितले. शेजारच्या खुर्च्या, चिठ्ठ्या, रक्ताचे नाते.

"सर, मी दुसऱ्या कोणाबद्दल बोलू शकत नाही. मला ती परवानगी नाही. पण मी तुमच्याबद्दल बोलू शकते. तुम्ही या. प्लीज. उद्याच या."

त्याच त्या वाक्याची ही पुनरावृत्ती कंटाळवाणी होत आहे. म्हाळसाबाईंचे रक्त पुन्हा घेणे, हाच यावर मार्ग आहे. रविवारी त्यांना तसे सांगेन.

२५ जानेवारी, रविवार

आजची नोंद शक्य तितकी अचूक लिहितो.

नरसिंहपूरला साडेअकराच्या सुमारास पोहोचलो. म्हाळसाबाई गॅसवर कालवण करीत होत्या. गेणू उंबऱ्यात बसले होते. मी म्हणालो, "स्कॅन निर्दोष आला तरी रक्त पुन्हा तपासणे आवश्यक आहे. पुढील आठवड्यात पुण्याला जावे लागेल."

म्हाळसाबाईंनी पळी खाली ठेवली. "दाजी, आता पुरं करा. तुमाला यायचं आसंल तर या. रोज या. निमित्त कशाला लागतंय?"

"कसले निमित्त?"

"ह्येच. माज्या रक्ताचं. तुमी एकटं हाय, घर खायला उठतंय, मला कळत न्हाय व्हय? पयल्या दिवशीच कळलं मला. मी ह्यांना म्हनलं, दाजी खोटं बोलत्यात, बोलू द्या. त्या निमित्तानं चार घास पोटात जात्यात. आक्का गेल्यापसनं तुमी आमच्या उंबऱ्याला पाय लावला नवता."

मी आयुष्यात कोणत्याही नमुन्याविषयी खोटे बोललो नाही, असे त्यांना स्पष्टपणे सांगितले.

"मग माज्या रक्तात घावलंच कसं?" असे त्या म्हणाल्या. "मी रक्त दिलंच न्हाय."

मी बसलो.

त्यांनी पुढे सांगितले ते असे. त्या दिवशी पहाटे निघताना त्यांनी गाडीत भाकरी व शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्यावर उपाशी आहात का, असे परिचारिकेने विचारले. "आनि सुई बघितली, दाजी. आक्काचं हात आठवलं. ती निळी निळी भोकं. मला गरगराय लागलं. म्हनलं, बाई, मला न्हाय द्यायचं. ती म्हनली, चालतंय, जबरदस्ती न्हाय. तुमी डोळं मिटून बसला हुता. तुमाला सांगितलं आसतं तर तुमी रागं भरला आसता, म्हनून हात दुमडून बसले."

नमुना एकच असल्यास अदलाबदल संभवत नाही. हे कोणत्याही नवख्या केमिस्टला समजते. माझा निष्कर्ष चुकीचा होता, याची येथे नोंद करतो.

"मग त्या नळीवर माझे नाव होते ते बरोबर होते," असे मी म्हणालो. माझ्या मते मी हे स्वतःशीच म्हणालो.

"कुठल्या नळीवर?"

तेव्हा प्रथमच मी त्यांना सर्व सांगितले. डिसेंबरपासून आलेले फोन, साखर, चिठ्ठी. त्या ऐकत माझ्या मनगटाकडे पाहत होत्या. घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकलेले होते. त्यांनी ते बोटाने खाली ओढले. ते पुन्हा सरकले.

"आवं," त्या म्हणाल्या, "तुमाला म्हयना झाला सांगून."

"अडतीस दिवस."

"आनि तुमी माजं पोट तपासत बसलाय!"

हे तंतोतंत खरे होते. म्हाळसाबाईंनी गॅस बंद केला. चिलापी अर्धीच शिजली होती. गेणू उंबऱ्यातून उठले व म्हणाले, "गाडी काडतो."

आज रविवार आहे, स्कॅन होणार नाही, हे मी सांगितले. कोणी ऐकले नाही. त्यांनी मला पिकअपमध्ये दोघांच्या मध्ये बसविले. इंदापूर सोडेपर्यंत म्हाळसाबाई मला बोलत होत्या. शिकलेल्या माणसांविषयी त्यांनी जे मत मांडले ते येथे उतरविण्याजोगे नाही. त्यापुढे बारामतीत जळोचीस माझे घर येईपर्यंत त्या माझे मनगट धरून बसल्या.

दोघे येथेच मुक्कामास आहेत. म्हाळसाबाईंनी पलंगावरची गादी उलटी केली. मी तिला हात लावू नका असे म्हणणार होतो, तोपर्यंत ती उलटली गेली होती.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. पाठ गादीच्या दुसऱ्या बाजूवरही दुखते.

२८ जानेवारी, बुधवार

स्कॅन झाला. डॉ. साबळे स्वतः पुण्याहून आल्या होत्या. मी त्यांची क्षमा मागितली. "सर, मला पहिल्याच दिवशी सांगावंसं वाटत होतं की, तिथे दुसरी नळीच नव्हती," असे त्या म्हणाल्या. त्यांनी नियम पाळला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही पाळला असता, आणि ते चुकीचे ठरले असते की कसे, याचा विचार करीत आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वादुपिंडाच्या शेपटीकडील टोकास गाठ आहे. सुपारीएवढी. शस्त्रक्रियेने काढता येईल, असे पुण्याच्या शल्यचिकित्सकांचे मत आहे. बाहेर पसरल्याचे सध्या तरी दिसत नाही. त्यांनी सांगितले की, ही गाठ या अवस्थेत त्यांच्यापर्यंत क्वचितच येते. खात्री कसलीही देता येत नाही, हेही सांगितले.

बनाबाईच्या वेळी याच प्रकारच्या खोलीत निराळे वाक्य ऐकले होते. तेव्हा तिने माझ्याकडे वळून "चला, घरी जाऊ" असे म्हटले होते. आज मी वळून पाहिले तर म्हाळसाबाई होत्या. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "कापा लवकर. आमी हितंच बसतो."

जगावे अशी मला गेल्या एप्रिलपासून विशेष इच्छा होती असे म्हणता येणार नाही. हे कोणास सांगितले नाही. आज मात्र शस्त्रक्रियेची तारीख शक्य तितकी अलीकडची मिळावी म्हणून मी दोनदा विनंती केली. कारण तपासले, सापडले नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

उद्या शस्त्रक्रिया. रुग्णालयातून लिहीत आहे. पुढे लिहिणे न झाल्यास, जळोचीच्या घराची किल्ली गेणूंपाशी आहे. दूधवाल्याविषयी मी जे लिहिले आहे ते मागे घेतो.

१२ एप्रिल, रविवार

लिहिणे झाले. जखम भरली आहे. औषधांच्या फेऱ्या चालू आहेत. प्रत्येक फेरीच्या दुसऱ्या दिवशी काही खाववत नाही व तिसऱ्या दिवशी म्हाळसाबाई खायला लावतात. मी त्यांच्याकडेच असतो. बनाबाईचे वर्षश्राद्ध घाटावर झाले. या वेळी दोन पाण्यांचे रंग वेगळे दिसले. गेणूंच्या मते तो उन्हाचा भास होता.

आज संस्थेचे पुन्हा बारामतीत शिबिर होते. शस्त्रक्रियेनंतर त्या खुणा रक्तातून गेल्या की नाही, हे पाहण्यासाठी डॉ. साबळे यांना माझा नवीन नमुना हवा होता. निष्कर्षास तीन आठवडे लागतील. जातीलच असे नाही, हे त्यांनी सांगितले व मी समजून घेतले.

परिचारिका तीच होती. माझ्याकडे पाहून तिने आधी चिठ्ठी चिकटविली आणि मग सुई हाती घेतली.

या वेळी रुग्ण मी होतो व तुलनेसाठी म्हाळसाबाई. त्या पहाटेपासून पाणीसुद्धा न घेता आल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर बसल्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटले व माझा हात धरला. त्यामुळे माझा नमुना दुसऱ्या हातातून घ्यावा लागला.

"हे तुमचे कोण?" परिचारिकेने त्यांचा फॉर्म भरताना विचारले.

"दाजी."

"रक्ताचे नातेवाईक?"

"लिवा की व्हय म्हनून. काय बिगडतंय?"

"तसे लिहू नका," मी म्हणालो. "नमुना बाद होईल."

परिचारिकेने "नाही" असे लिहिले. म्हाळसाबाईंनी डोळे न उघडता माझ्या हाताला जोरात चिमटा काढला. मी या वेळी डोळे उघडे ठेवले होते. त्यांची नळी भरली, चिठ्ठीवरचे नाव मी वाचले, ते बरोबर होते. मग माझी भरली. दोन्ही नळ्या एकाच स्टँडमध्ये, शेजारी शेजारी होत्या. पुण्यास त्या आज रात्री पोहोचतील आणि बनाबाईची नळी ज्या फ्रीजरमध्ये आहे त्यातच ठेवल्या जातील. मी विचारून घेतले.

टपरीवर चहा घेतला. चहास चव होती.